रिकामा रकाना: विनफॉर्म्सच्या फॉर्मवर न भरलेल्या माहितीचं काय करायचं

सकाळचं संकलन चालू आहे, फॅट मशीन मध्येच बंद पडलंय. ऑपरेटर लिटर टाकतो, फॅटचा रकाना तसाच सोडतो आणि सेव्ह दाबतो. डेटाबेसमध्ये काय गेलं?

ते तुम्ही फॅटसाठी कुठला कंट्रोल (फॉर्मवरची भरायची चौकट) लावलाय त्यावर ठरतं. टेक्स्टबॉक्स आणि व्हीबीचं जुनं व्हॅल फंक्शन असेल तर शून्य जाईल. न्यूमेरिक अपडाउन असेल तर आधीच्या उत्पादकाचं फॅट जाईल. थेट पार्स केलं, म्हणजे मजकुराची संख्या करायला घेतली असेल तर प्रोग्राम आपटेल. यातलं आपटणं त्यातल्या त्यात बरं, कारण लगेच कळतं तरी. बाकी दोन प्रकार दहा दिवसांचं बिल निघेपर्यंत गप्प राहतात, आणि मग उत्पादक डेअरीच्या दारात उभा राहून विचारतो की माझ्या म्हशीच्या दुधाला गायीचं फॅट कसं लागलं.

या लेखात दूध संकलन केंद्राचा फॉर्म घेऊन ही गोष्ट पायरीपायरीने बघू. सी शार्प ही भाषा, विंडोजवरचे फॉर्म बनवणारं विनफॉर्म्स आणि एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस धरलंय. व्हीबी डॉट नेटवाल्यांनाही जवळपास सगळं लागू आहे. क्लास आणि प्रॉपर्टींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, व्हिज्युअल स्टुडिओत टाइप करायला लागलात की ओळखू येतील.

पायरी १: कोड उघडण्याआधी रकान्यांची यादी करा

प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न लिहा: हा रिकामा राहिला तर त्याचा अर्थ काय? उत्तर प्रोग्रामरने ठरवायचं नाही, संस्थेच्या सचिवाला विचारायचं. आमच्या फॉर्मपुरती उत्तरं साधारण अशी निघतात.

फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) रिकामं म्हणजे मोजलं नाही. नोंद होऊ द्यायची, पण आकडा येईपर्यंत दर लावायचा नाही. इथे नल, म्हणजे ‘किंमतच नाही’ ही डेटाबेसची खूण, हवा.

लिटर रिकामं चालणारच नाही. सेव्ह अडवायचं.

पशुखाद्याची कपात रिकामी म्हणजे कपात नाही, म्हणजे खरोखरच शून्य. इथे उगाच नल ठेवलात तर बिलाच्या बेरजेत तो नल सगळं गिळून टाकेल. एकूणमधून नल वजा केला की उत्तर नल येतं.

जन्मतारीख आणि पॅन रिकामं म्हणजे अजून माहिती मिळालेली नाही. नल.

वडिलांचं किंवा पतीचं नाव काहींना लावायचंच नसतं. इथे मी रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) ठेवतो आणि कॉलमवर नॉट नल लावतो. कारण अगदी आपल्याकडचं आहे. आपली नावं तीन भागांची असतात, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये अधिकच्या चिन्हाने ते भाग जोडताना मधला भाग नल असला तर अख्खं नाव नल होतं. बिलावर नावाची जागा कोरी, आणि चूक शोधत बसा. २०१२ पासून आलेलं कॉनकॅट फंक्शन नलला रिकामी स्ट्रिंग समजतं, पण जुन्या रिपोर्टांमध्ये कुठेकुठे अधिकचं चिन्ह लपलंय ते कोण शोधणार? मजकुराच्या प्रत्येक कॉलमसाठी नल किंवा रिकामी स्ट्रिंग यातलं एकच काहीतरी ठरवा. दोन्ही चालू दिलंत तर प्रत्येक क्वेरीत दोन अटी घालाव्या लागतील. ओरॅकलवर काम करणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. तिथे रिकामी स्ट्रिंग हीच नल असते.

पायरी २: वाचण्याचं काम एकाच जागी आणा

सेव्ह बटणाच्या क्लिकमध्ये प्रत्येक रकान्यासाठी वेगळी इफ लिहू नका. एक छोटा स्टॅटिक क्लास करा, त्यात तीन फंक्शनं: मजकूर वाचणारं, संख्या वाचणारं, तारीख वाचणारं. फॉर्मवरची कुठलीही किंमत या दारातूनच आत यायला हवी.

मजकुरापासून सुरुवात. टेक्स्टबॉक्सची टेक्स्ट प्रॉपर्टी कधीच नल नसते. तुम्ही नल दिलात तरी परत रिकामी स्ट्रिंगच मिळते. त्यामुळे तिची नलशी तुलना करणारा कोड निरुपयोगी आहे. डॉट नेट ४ पासून असलेलं इजनलऑरव्हाइटस्पेस वापरा. ते स्पेस, टॅब, नवी ओळ आणि वेबपेजवरून चिकटवताना येणारी न तुटणारी स्पेसही ओळखतं. एसक्यूएलच्या एलट्रिम-आरट्रिमवर विसंबू नका, ती साध्या स्पेसपलीकडे सहसा बघत नाहीत.

मराठी टायपिंगची एक खोच मात्र याही फंक्शनमधून निसटते. ‘वाऱ्यावर’सारखा शब्द लिहिताना काही कीबोर्ड झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह घालतात. ऑपरेटरने अक्षरं खोडली आणि ते चिन्ह तेवढं मागे राहिलं, तर रकाना डोळ्यांना रिकामा दिसतो, लेन्थ मात्र एक येते. डॉट नेटच्या लेखी हे चिन्ह व्हाइटस्पेस नाही, फॉरमॅट वर्गातलं आहे. ट्रिमही त्याला हात लावत नाही. म्हणून रिकामेपणा तपासताना मजकुराच्या प्रतीतून व्हाइटस्पेस आणि फॉरमॅट वर्गातली अक्षरं दोन्ही काढा, आणि काही उरतं का बघा. उरलं तर मूळ मजकूर नुसता ट्रिम करून तसाच ठेवा. शब्दाच्या मधलं चिन्ह सरसकट पुसलंत तर जोडाक्षराचं रूप बदलतं.

आता संख्या. मजकुराची संख्या होते का बघणारं ट्रायपार्स हो किंवा नाही एवढंच सांगतं, आपल्याला मात्र तीन उत्तरं हवीत: रिकामं आहे, चुकीचं आहे, बरोबर आहे. ‘चुकीचं’ आणि ‘रिकामं’ एका डब्यात टाकले की ‘४.२’च्या जागी ‘४..२’ टाइप केलेली नोंद गुपचूप नल होऊन बसते. फंक्शनचा सांगाडा असा:

संख्या वाच (मजकूर):
– मजकूर साफ कर
– काहीच उरलं नाही → स्थिती ‘रिकामं’, किंमत नल
– देवनागरी अंक असतील तर इंग्रजी अंकांत बदल
– ट्रायपार्स जमलं नाही → स्थिती ‘चुकीचं’
– जमलं → स्थिती ‘बरोबर’, किंमत परत दे

तिसरी ओळ गंमत म्हणून घातलेली नाही. कॅरेक्टर क्लासचं इजडिजिट फंक्शन ‘५’ला अंक मानतं, पण डेसिमलचं पार्स तोच ‘५’ नाकारतं. कीबोर्ड मराठीवर राहिला की इजडिजिटवर आधारलेली कीप्रेस तपासणी पास होते आणि सेव्ह करताना गाडी अडते. गेटन्यूमेरिकव्हॅल्यू फंक्शन वापरून प्रत्येक देवनागरी अंकाचा इंग्रजी अंक करून घ्या. आणि ट्रायपार्सला नंबरस्टाइल्स देताना फक्त दशांश चिन्हाची परवानगी द्या. मूळ सेटिंगमध्ये स्वल्पविराम हा हजारांचा विभाजक धरला जातो आणि तो कुठे बसलाय हे पाहिलंच जात नाही. घाईत टिंबाऐवजी स्वल्पविराम पडून ‘४,२’ झालं, तर फॅट ४२ नोंदलं जाईल.

व्हीबी डॉट नेटवाल्यांनी एक सापळा लक्षात ठेवावा. नलेबल (नलही ठेवू शकणाऱ्या) डेसिमल व्हेरिएबलला इफ फंक्शनने किंमत देताना एका बाजूला नथिंग (व्हीबीचा नल) आणि दुसऱ्या बाजूला सीडेक लिहिलं, तर इफचा प्रकार साधा डेसिमल ठरतो आणि नथिंगचं शून्य होतं. कंपायलर चकार शब्द काढत नाही. तिथे नथिंगला सीटाइपने नलेबल डेसिमल करून घ्या.

पायरी ३: प्रत्येक कंट्रोलची खोड ओळखा

*न्यूमेरिक अपडाउन.* याची व्हॅल्यू प्रॉपर्टी डेसिमल आहे, तिला नल ठाऊकच नाही. वापरणाऱ्याने चौकटीतला आकडा पूर्ण खोडला आणि टॅब दाबून पुढे गेला, तर चौकट कोरी दिसते आणि व्हॅल्यू मात्र खोडण्याआधीची तशीच राहते. सुरुवातीला सांगितलेलं शेजाऱ्याचं फॅट इथूनच येतं. चौकटीत खरोखर काय आहे हे टेक्स्ट प्रॉपर्टीतून कळतं. ती इंटेलिसेन्समध्ये दिसत नाही, पण लिहिली की चालते. म्हणजे आधी टेक्स्ट रिकामी आहे का बघायचं, नसेल तरच व्हॅल्यू घ्यायची. उलट दिशेने नल दाखवायचा तर टेक्स्टला रिकामी स्ट्रिंग द्यायची. त्यातही मेख आहे: टेक्स्ट कोरी केल्यावर पुढच्या नोंदीत योगायोगाने आधीचीच व्हॅल्यू आली, तर बदल झालाच नाही असं समजून कंट्रोल चौकट पुन्हा भरत नाही.

इतक्या कसरती करण्यापेक्षा, जो आकडा रिकामा राहू शकतो त्याला साधा टेक्स्टबॉक्स लावा आणि वरचं संख्या वाचणारं फंक्शन वापरा. न्यूमेरिक अपडाउन ठेवा कॅनची संख्या, प्रतींची संख्या असल्या कामांना, जिथे काहीतरी आकडा असतोच.

*डेटटाइमपिकर.* याला रिकामी तारीख दाखवताच येत नाही, निदान सरळ मार्गाने तरी. फॉर्म उघडला की आजची तारीख. नलच्या जागी डेटटाइमची मिनव्हॅल्यू, म्हणजे इसवी सन १ मधला १ जानेवारी, द्यायला गेलात तर एक्सेप्शन येतं, कारण हा कंट्रोल १ जानेवारी १७५३ च्या मागे जात नाही. एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम प्रकारही तिथूनच सुरू होतो. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ च्या सप्टेंबरमध्ये ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं, तेव्हा २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. त्या भानगडीत पडायचं नाही म्हणून पुढच्या वर्षापासून मोजणी. जन्मतारखेसाठी तसाही २००८ मध्ये आलेला डेट प्रकार वापरा, त्याला वेळेचं शेपूट नसतं.

रिकामी तारीख हवी तर शोचेकबॉक्स ट्रू करा. तारखेआधी छोटा चौकोन येतो; खूण नसेल तर चेक्ड फॉल्स, आणि त्याचा अर्थ नल. नोंद लोड करताना क्रम पाळा: आधी व्हॅल्यू द्या, चेक्ड नंतर. व्हॅल्यू दिली की खूण आपोआप येते, त्यामुळे उलट्या क्रमाने केलेलं काम वाया जातं.

खूण काढल्यावरही तारीख फिकट रंगात दिसत राहते, आणि ऑपरेटर ती वाचून मोकळा होतो. त्यावर उपाय असा: व्हॅल्यूचेंज्ड इव्हेंट चौकोन टिचकावल्यावरही येतो, तिथे चेक्ड तपासा. फॉल्स असेल तर फॉरमॅट कस्टम करून कस्टमफॉरमॅटमध्ये एकच स्पेस द्या, ट्रू असेल तर दिवस-महिना-वर्ष. चौकट खरोखर कोरी दिसते.

तारीख म्हणून रिकामी स्ट्रिंग डेटाबेसकडे कधी पाठवू नका. एसक्यूएल सर्व्हर तिचं १ जानेवारी १९०० करतो. सभासद यादीत अशा जन्मतारखा दिसल्या तर तुमच्याकडे शतायुषी सभासद नाहीत, कुठेतरी रिकामी स्ट्रिंग गळतेय. पूर्णांकात तीच स्ट्रिंग शून्य होते, डेसिमलमध्ये मात्र एरर येते. एकाच सर्व्हरचे हे तीन वेगळे न्याय आहेत, तेव्हा निर्णय त्याच्यावर सोडू नका.

*कॉम्बोबॉक्स.* डेटासोर्स जोडला की पहिली ओळ आपोआप निवडली जाते. जनावराच्या यादीत गाय पहिली असेल तर न बघता सेव्ह केलेली प्रत्येक नोंद गायीची. डेटासोर्स, डिस्प्लेमेंबर, व्हॅल्यूमेंबर सगळं देऊन झाल्यावर सिलेक्टेडइंडेक्स उणे एक करा, म्हणजे सिलेक्टेडव्हॅल्यू नल मिळेल. पण ड्रॉपडाउनलिस्ट प्रकारात एकदा निवडल्यावर माणसाला निवड मागे घेता येत नाही. जिथे मागे घ्यायची मुभा हवी तिथे यादीच्या वर ‘— निवडा —’ अशी ओळ घाला आणि तिची किंमत डीबीनल (डेटाबेसच्या नलसाठी डॉट नेटमध्ये असलेली किंमत) ठेवा. तिला शून्य आयडी देण्याची पद्धत फार पसरलीय. फॉरेन की (आयडी मूळ यादीत असलाच पाहिजे अशी अट) असेल तर सेव्ह आपटतं, नसेल तर टेबलात कुठल्याच जनावराचा नसलेला शून्य जमत राहतो.

*मास्क्डटेक्स्टबॉक्स.* तारखेचा मास्क लावलेला कोरा रकानाही टेक्स्टमध्ये दोन तिरक्या रेघा आणि काही स्पेस परत देतो. टेक्स्टमास्कफॉरमॅट बदलून प्रॉम्प्ट आणि लिटरल दोन्ही वगळा, मग कोऱ्याला रिकामी स्ट्रिंग मिळेल. अर्धवट भरलंय का ते मास्ककम्प्लिटेड सांगतं.

चेकबॉक्सला ‘विचारलंच नाही’ अशी तिसरी अवस्था हवी असेल तर थ्रीस्टेट आहे, पण लोकांना ती करडी खूण समजत नाही. हो, नाही, माहीत नाही असे तीन पर्याय कॉम्बोत द्या. आणि ‘इथे मोबाईल नंबर टाका’ हा इशारा टेक्स्टमध्ये कधीच भरू नका, तोच सेव्ह होऊन बसतो. डॉट नेट कोर ३ पासून टेक्स्टबॉक्सला प्लेसहोल्डरटेक्स्ट आहे.

पायरी ४: कधी अडवायचं, कधी जाऊ द्यायचं

बाहेर कॅन घेऊन रांग उभी असताना प्रत्येक रकान्यावर मेसेजबॉक्स फेकणारं सॉफ्टवेअर कोणी वापरत नाही. एररप्रोव्हायडर लावा, रकान्याशेजारी लाल खूण येते, माऊस नेला की कारण दिसतं. फॉर्मचं ऑटोव्हॅलिडेट इनेबलअलाउफोकसचेंजवर ठेवा, म्हणजे चूक असली तरी पुढच्या रकान्यात जाता येतं. तपासणी व्हॅलिडेटिंग इव्हेंटमध्ये लिहा आणि चुकीच्या वेळी कॅन्सल ट्रू करा. बरोबर झाल्यावर एररप्रोव्हायडरला रिकामा संदेश द्यायला विसरू नका, नाहीतर लाल खूण तशीच राहते.

व्हॅलिडेटिंग फक्त त्या कंट्रोलमधून बाहेर पडतानाच येतो. ज्या रकान्याला कोणी हातच लावला नाही त्याची तपासणी होत नाही, आणि रिकामे राहतात ते नेमके हेच रकाने. म्हणून सेव्हच्या क्लिकमध्ये पहिली ओळ व्हॅलिडेटचिल्ड्रनची. फॉल्स आलं की तिथूनच मागे फिरा. रद्द बटणाचं कॉजेसव्हॅलिडेशन फॉल्स करा. खिडकी फुलीने बंद होत नसेल तर फॉर्मक्लोजिंगमध्ये कॅन्सल फॉल्स करावं लागतं.

लिटर रिकामं असेल तर लाल खूण आणि सेव्ह बंद. फॅट रिकामं असेल तर रकान्याचा रंग पिवळा करा आणि सेव्ह होऊ द्या. दोन्हींना एकच वागणूक दिली की ऑपरेटर फॅटमध्ये काहीतरी ठोकून पुढे जायला शिकतो, आणि तो ठोकलेला आकडा नंतर कुठल्याच क्वेरीने ओळखता येत नाही.

पायरी ५: डेटाबेसच्या उंबऱ्यावर

सी शार्पचा नल आणि डेटाबेसचा नल वेगळे आहेत. एसक्यूएलपॅरामीटरच्या व्हॅल्यूला सी शार्पचा नल दिलात तर पॅरामीटर पाठवलाच नाही असं धरलं जातं: क्वेरी असेल तर एरर येते, स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये त्या पॅरामीटरला डिफॉल्ट असेल तर गुपचूप ते डिफॉल्ट वापरलं जातं. म्हणून पॅरामीटर भरण्याचंही एकच फंक्शन करा, ते नलच्या जागी डीबीनल घालेल. वाचताना इजडीबीनल आधी, किंमत नंतर. कन्व्हर्टवर भिस्त ठेवू नका. डीबीनलची स्ट्रिंग केली तर रिकामी स्ट्रिंग मिळते, इंट करायला गेलं की एक्सेप्शन येतं, आणि नल असलेल्या स्ट्रिंगचा इंट मागितला तर शून्य हातात पडतं.

डेटाबाइंडिंग (कंट्रोल थेट डेटाला जोडणं) वापरत असाल तर नलेबल डेसिमलला जोडलेला टेक्स्टबॉक्स कोरा केल्यावर फोकस तिथेच अडकतो. टॅब दाबला तरी माणूस बाहेर पडू शकत नाही. बाइंडिंगचं फॉरमॅटिंगइनेबल्ड ट्रू करा आणि नलव्हॅल्यूला रिकामी स्ट्रिंग द्या. मागे डेटाटेबल असेल तर डेटासोर्सनलव्हॅल्यू डीबीनल, स्वतःचा क्लास असेल तर नल. डब्ल्यूपीएफमध्ये हेच काम टार्गेटनलव्हॅल्यू करतं.

टेबलातही पहारा ठेवा. लिटर नॉट नल. फॅटवर चेक कन्स्ट्रेंट: शून्यापेक्षा मोठं. नल असला तरी ही अट त्याला अडवत नाही, कारण तुलनेचं उत्तर ‘माहीत नाही’ येतं आणि चेक कन्स्ट्रेंट फक्त ‘खोटं’ असेल तेव्हाच अडवतो. पॅनवर युनिक लावलंत तर एसक्यूएल सर्व्हर एकच नल चालवून घेतो आणि पॅन नसलेला दुसरा सभासद भरता येत नाही. तिथे नल वगळणारा फिल्टर्ड युनिक इंडेक्स करा.

शून्य आणि नल यांतला फरक आकड्यांत बघायचा तर फॅटची सरासरी काढा. तीन दिवसांच्या नोंदी: ४.०, ४.२ आणि एक न मोजलेली. नल असेल तर सरासरी काढणारं एव्हीजी फंक्शन ती नोंद सोडून देतं आणि ४.१ येतं. शून्य असेल तर २.७३.

पायरी ६: हात न लावता तपासा

चाचणी घेताना आपण रकाने भरून बघतो. इथे उलट करा. फॉर्म उघडा, कशालाही हात न लावता सेव्ह दाबा. मग प्रत्येक रकान्यात काहीतरी टाका आणि खोडा. नुसती स्पेस द्या. मराठी कीबोर्डवर एक जोडाक्षर लिहून बॅकस्पेस मारा. शेवटी, नल असलेली जुनी नोंद उघडा आणि काही न बदलता परत सेव्ह करा. आधीचे नल नलच राहिले पाहिजेत. जन्मतारखेत आजची तारीख घुसली असेल तर डेटटाइमपिकरचा क्रम चुकलाय.

आधीच चालू असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे बदल करणार असाल तर जुना डेटा एकदा चाळून घ्या. फॅट शून्य असलेल्या नोंदी बेधडक नल करा, शून्य फॅटचं दूध डेअरीत येत नाही. मात्र त्यातल्या ज्यांचं बिल वाटून झालंय त्यांची यादी आधी सचिवाच्या हातात द्या. कपातीच्या शून्यांना हात लावू नका. जन्मतारीख १ जानेवारी १९०० असलेले सभासद आणि जन्मतारीख व नोंदणीची तारीख एकच असलेले सभासद अशा दोन क्वेऱ्या चालवा, निघतील त्या तारखा नल करा आणि ती नावं केवायसीसाठी वेगळी काढा.